मोनाप्पामामा कॉम्प्युटर घेतात

मोनाप्पामामांच्या अंगणातून त्यांना न कळता कुणी जाऊ शकत नाही. मी करून बघितलंय. वारुळाची माती चाळणीनं चाळून, मैद्यासारखी बारीक करून, रोज संध्याकाळी ते ती दारापुढं आणि परसात पसरतात, हाताच्या पंज्यानं सारखी करतात. सकाळी उठले की चूळ नाही, चहा नाही. आधी उकिडवं बसून ती माती वाचायची. मी बदली होऊन कुंभारवाडा गावच्या शाळेत आले, त्यांच्या शेजारची खोली घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात आमटीला कढीपत्ता हवा म्हणून त्यांच्या परसात गेले. घरात कुणी दिसेना, म्हणून न विचारता तोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस माझ्या दारात हजर.

"अक्कोर, काल दिवेलागणीला आलतासा तुमी." इकडं शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. "आला तवा पाय जेवढा रुतला, जाताना बी तेवढाच. म्हंजे हलकंच कायतरी न्हेलंय. आनि डावी चप्पल आतनं झिजलीया. टाच दुखती काय?"

"कढीपत्ता नेला हो मामा! दोन पानं!"

"दोनच? कशावरनं?"

हे 'कशावरनं' म्हणजे मोनाप्पामामांचा श्वास. तुम्ही काहीही सांगा, उत्तर तेच. कंडक्टर म्हणाला, बस रामनगरला जाते. तर हे पायरीवर एक पाय ठेवून विचारणार, कशावरनं? तो बिचारा बोर्ड दाखवतो. "बोर्ड काय, कोण बी लावंल." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांनाच म्हणाले, आधी तुम्ही एक गिळा. नंदिगड्ड्याच्या एका लग्नात, अक्षता पडायच्या आधी, नवऱ्यामुलाच्या कानात जाऊन विचारलं, "हीच ठरलेली न्हवं? नीट बघितलीस?" त्या पोराचा चेहरा जो उतरला, तो जेवणाच्या पंगतीपर्यंत वर आला नाही.

जन्म गेला जंगल खात्यात वॉचर म्हणून, अणशीच्या बाजूला. जनावरांच्या वाटेवर अशीच माती पसरायची आणि सकाळी बघायचं, रात्रीत कोण गेलं. रिटायर झाले, खाकी उतरली, पण माती काही सुटली नाही. तिकडं वाघाचा पाय उमटायचा, इकडं माझी रबरी चप्पल.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे कॅमेरा. जंगलात झाडांना पेट्या बांधतात ना, जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो निघतो, तसल्या पेट्या मामांनी स्वतःच्या हातानं बांधल्या होत्या. आणि एकदा अशाच एका पेटीनं त्यांनाच धरलं. उन्हाळ्याचे दिवस, अंगाला घामोळं, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मामांनी शर्ट काढला आणि एका किंदळाच्या झाडाला पाठ लावून मनसोक्त घासली, अगदी डोळे मिटून. कॅम्पातल्या पोरांनी फोटो बघितले आणि पुढचा सगळा मोसम मामांना अस्वल म्हणून हाक मारली.

"आपुन तिला बांधायची आनि तिनं आपल्यालाच बघायचं!" हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. "डोळा असलेल्या वस्तूवर इस्वास ठिवायचा न्हाई, अक्कोर."

तर असा हा गृहस्थ. आणि ह्या गृहस्थाला घरात कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली.

झालं असं, की मामांच्या घरात एक नात आहे. नाव काहीतरी भारदस्त आहे हजेरीपटावर, पण सगळं गाव तिला पुट्टी म्हणतं. दुसरीत आहे, माझ्याच वर्गात. पुढचे दोन दात पडलेत आणि तोंड क्षणभर बंद नसतं. तिचे आईबाप फोंड्याला कारखान्यात कामाला. दोघांच्याही पाळ्या असतात, म्हणून पोर पाळण्यातून उतरली तशी आज्ज्याकडं आली. मामांची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा तिची आंघोळ, तिचा डबा, तिच्या वेण्या, सगळं मामाच करतात. वेण्या इतक्या कचकचून घालतात, की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असतात. मला पहिल्यांदा वाटलं, ही मुलगी माझ्या शिकवण्यावर आश्चर्य करायला लागलीय.

आणि एक गंमत सांगते. जगातल्या प्रत्येकाला कशावरनं विचारणारा हा माणूस पुट्टीला कधी विचारत नाही. पुट्टी म्हणाली, आज शाळेत हत्ती आला होता आणि त्यानं माझी पाटी पुसली, तर मामा गंभीरपणानं म्हणतात, "मग हात धुतलास न्हवं?"

तर मार्च महिन्यात सुमनचा, म्हणजे मामांच्या लेकीचा, पुट्टीच्या आईचा, मला फोन आला. आमच्याकडं रेंज शाळेच्या मागच्या फणसाखालीच येते, तिथं उभी राहून मी ऐकलं. "बाई, इथल्या पोरांना आत्तापासून कॉम्प्युटर येतोय. पुट्टी मागं पडंल बघा. मी इथं शाळा बघून ठेवलीय. बाबा घरात कॉम्प्युटर घेणार असतील आणि तुम्ही तिला शिकवणार असाल, तर चौथीपर्यंत राहू दे तिला तिथं. न्हाईतर जूनला मी तिला घेऊन जाणार. मे महिन्यात येतोय आम्ही, तेव्हा बघू." पैसेही तिनं पाठवून दिले. आई बिचारी काय चुकीचं बोलत होती? पोटची पोर लांब ठेवणं काय सोपं असतं होय?

मी मामांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. कॉम्प्युटर आला तर पुट्टी राहील, नाही आला तर जाईल. ते गोठ्यात होते. म्हशीच्या पाठीवरचं गवत झटकून म्हणाले, "घेऊ की."

मला वाटलं, झालं काम. मी मूर्ख!

पहिली फेरी रामनगरला. मामा, पुट्टी आणि मी. दुकानदार चांगला माणूस, त्यानं लॅपटॉप उघडून समोर ठेवला. मामांनी हात मागं बांधून त्याला एक प्रदक्षिणा घातली. मग वाकून वरच्या कडेला बघितलं.

"ह्यो डोळा हाय न्हवं?"

"कॅमेरा आहे आजोबा. पण बंद आहे."

"कशावरनं?"

"बंद असला की दिवा लागत नाही."

"दिवा न लावता बघणारी जनावरं मी लई बघितल्यात."

दुकानदार म्हणाला, वरून टिकली चिकटवा, झालं. बाईंच्या कपाळाची चालेल. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो खुर्चीत जरा मागं सरकला. "वाघानं डोळं मिटलं म्हंजे वाघ गेला काय?"

मग कान लावून ऐकलं. आतला पंखा फिरत होता. "श्वास घेतंय." दुकानदारानं झाकण मिटलं. "आता झोपलं." "झोपलेलं उठतंय. बंद म्हंजे मेल्यागत बंद पायजे." माझं डोकं तापायला लागलं होतं, पण नात त्यांची, संशय त्यांचा.

दुकानदारानं शेवटचा उपाय म्हणून एक टॅब काढला. पाटीएवढा, हलका, किंमतही कमी. पुट्टीनं तो झडप घालून घेतला, भिंतीकडं तोंड करून खाली बसली, मांडीवर ठेवला आणि वाकली. दोन्ही वेण्या पुढं पडल्या. जी पोर बसमध्ये कंडक्टरला गाणं म्हणायला लावत होती, ती एकदम चिडीचूप. मामांनी हाक मारली, "पुट्टी." उत्तर नाही. परत मारली. उत्तर नाही. मामा गेले आणि तिच्या हातातून तो टॅब काढून घेतला.

"हे नको."

"का हो मामा? ह्याचा डोळा तर केवढासा आहे."

"नको म्हंजे नको."

पुट्टीनं जे भोकाड पसरलं, ते बस येईपर्यंत चाललं. मामांनी तिला भजी घेऊन दिली. मला नाही विचारलं.

मग मीच एक शहाणपणा केला. म्हटलं, यंत्राची ओळख नाही म्हणून भीती वाटते. माझा लॅपटॉप चार दिवस ह्यांच्या घरी ठेवूया. जुना होता, पण चालत होता, माझा जीव होता त्याच्यावर. ठेवताना मी एक चूक केली, उगाच बोलून गेले की नेटवरनं परका माणूस आत शिरू शकतो, तेव्हा काही अनोळखी आलं तर पुट्टीला हात लावू देऊ नका.

मामांचे कान टवकारले. "परका माणूस? ह्याच्यात?"

"हो. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"कुटनं बी शिरू दे. शिरला तर माग सोडंलच की."

मला वाटलं, म्हातारं काहीतरी बोलतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर काय! टेबलावर वारुळाची चाळलेली माती. लॅपटॉपच्या भोवती माती, लॅपटॉपच्या वर माती, आणि उघडून, बटणांवर, अगदी हलक्या हातानं, सगळीकडं सारखी पसरलेली माती. कडेला उकिडवं बसून मामा बॅटरी तिरकी मारून बघत होते.

"मामा! अहो, हे काय केलंत?"

"ओरडू नका अक्कोर, माती हालती. रात्री कोन न्हाई आलं. फकस्त एक पाल गेलीया, ह्या तिकडच्या बटणावरनं ह्या हिकडच्या बटणावर. पोटुशी हाय."

मी लॅपटॉप उचलून उलटा केला, झटकला, फुंकला. बटण दाबलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मग तोही यायचा बंद झाला. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मी शाळेत शिकवते. मामा मान खाली घालून ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पन इस्वासानं सांगतो, परका कोन न्हाई शिरला." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं म्हशीचं दूध, फणस आणि एक कोंबडी आणून ठेवली. कोंबडीला माझ्याबद्दल काय वाटत होतं कोण जाणे, तीही संशयानंच बघत होती.

एप्रिल उजाडला. माझा राग उतरला नव्हता, पण पुट्टी वर्गात रोज विचारायची, "अक्कोर, कॉम्प्युटर कवा येणार? न्हाई आला तर मला जावं लागतंय." शेवटी मी मामांना म्हटलं, आता थेट बेळगाव. मोठ्या दुकानात जाऊ, काय विचारायचं ते एकदाच विचारा. पुट्टीला शेजारी ठेवलं आणि पहाटेच्या बसनं निघालो.

बेळगावचं दुकान म्हणजे काच, गारवा आणि गळ्यात टाय बांधलेला एक पोरगेला विक्रेता. त्यानं मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मामांनी पाण्याचा वास घेतला आणि प्यायले. मला हायसं वाटलं. त्यानं लहान मुलांसाठी म्हणून खास एक यंत्र काढलं, रंगीत, गोल कडांचं. डोळा झाकायला वरून सरकती पट्टी. मामांनी ती पट्टी पुढं-मागं करून बघितली, आणि मी देवाशपथ सांगते, त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच "बेस हाय" असा शब्द ऐकला. मी पिशवीतून पाकीट काढायला हातसुद्धा घातला.

तेवढ्यात तो टायवाला खूष होऊन म्हणाला, "आणि आजोबा, एकदा हे हातात दिलं की पोरगी दिवसभर जागची हलणार नाही बघा. मागं लागणार नाही, बडबड नाही, काही नाही. घरात आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही!"

मामा उठले. चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी धावत मागं. तो पोरगा दारात उभा राहून विचारतोय, "काय चुकलं, आजोबा?"

येताना बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर कंडक्टरनं उतरवलं असतं मला. रामनगरच्या स्टँडवर कुंभारवाड्याच्या बसची वाट बघत बसलो आणि तिथं माझा बांध फुटला.

"मामा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? मे महिना तोंडावर आलाय. सुमन येईल, घर रिकामं बघेल आणि पोरीला उचलून घेऊन जाईल! डोळा नको, कान नको, श्वास नको. अहो, नात पाहिजे का नको तुम्हाला? का तुम्हालाच तिला घालवायचीय?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मामा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. मला वाटलं, आता म्हणणार, कशावरनं. तसं काही म्हणाले नाहीत.

"गणपतीला सुमी आल्ती," ते म्हणाले. "जावई बी आल्ता. मी वढ्यावर जाऊन कुर्ल्या धरून आनल्या. सुमीला लहानपनापास्नं खेकड्याचं कालवन आवडतंय. रांधलं, वाढलं. आनि मग मी सांगाय लागलो, की औंदा हत्ती कसा पार खळ्यापत्तुर आल्ता, मी पत्र्याचा डबा कसा वाजिवला. सांगता सांगता बघतोय तर ती तिच्या फोनात, जावई त्येच्या फोनात. मान हालिवत्यात दोघं बी, व्हय व्हय म्हनत्यात. हत्ती आला व्हय, म्हनत्यात. मी मधीच म्हनलं, हत्तीनं मला सोंडंत धरून उचाललं. तरी बी व्हय म्हनलं."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"रागावलो न्हाई. दमून आल्याली पोरं ती. पुट्टीला उचलून गोठ्यात जाऊन बसलो, तिला सांगिटला सगळा हत्ती. तिनं तीनदा सांगाय लावला." त्यांनी सोगा मांडीवर टाकला. "अक्कोर, पुट्टी फोंड्याला गेली तर गेली म्हनता येतंय. वाटंवर बसता येतंय. सुट्टी लागली, आता यील, मग यील. पन ती घरातच बसून गेली, माज्या डोळ्यापुडं बसून, तर मी वाट कुनाची बघायची वो?"

एवढे दिवस मी समजत होते, हा माणूस यंत्राच्या डोळ्याला भितोय. मी चहा सांगितला. मामांनी तो वास न घेता प्यायला.

बस यायला वेळ होता. मी म्हटलं, "मामा, सगळीच यंत्रं मांडीवर घेऊन बसायची नसतात. पूर्वी एक असायचा, मोठा, टेबलावरचा. उचलून कोपऱ्यात नेता येत नाही."

मामांनी मान वर केली. "किती जना बसत्यात त्याच्याम्होरं?"

"बाकडं जेवढं लांब, तेवढी."

आम्ही बस सोडली आणि परत त्या पहिल्या दुकानात गेलो. दुकानदारानं आम्हाला बघून कपाळाला हात लावला. त्याच्याकडं मागच्या खोलीत एक टेबलावरचा कॉम्प्युटर पडून होता, कुठल्याशा ऑफिसातून आलेला, भलाथोरला पडदा, खाली डबा. "आजोबा, हे कोण घेतं आता? जड आहे, जागा खातं, घरभर वायरी."

"अंथरुनात न्हेता येतंय काय?"

"छे हो."

"फनसाखाली बसून बघता येतंय?"

"लाईटीशिवाय हलतच नाही हे. लाईट गेली की बंद. मेल्यागत बंद."

"बांधा," मामा म्हणाले.

कॉम्प्युटर आला तो दुधाच्या टेम्पोतून, गवतात गुंडाळून. मामांनी तो माजघरात ठेवला, बरोब्बर चुलीच्या आणि दाराच्या मधे, येता-जाता अडखळेल असा. फणसाच्या फळीचं बाकडं केलं, तिघं-चौघं मावतील एवढं. माती पसरायची नाही अशी मी त्यांना म्हशीच्या शेपटीला हात लावून शपथ घ्यायला लावली. आणि रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. पुट्टीबरोबर मामाही बाकड्यावर. "तिला एकटीला भ्या वाटंल," म्हणाले. पुट्टीला भीती? ती पोर भुतालाही पाढे म्हणायला लावेल.

पुट्टीला माऊस एका दिवसात आला. चित्रं काढायला लागली, हत्ती निळे, म्हशी गुलाबी. मामांना मात्र काही केल्या येईना. बाण डावीकडं न्यायला सांगितला की उजवीकडं. कधी माऊस उलटा धरायचे, कधी उचलून हवेत धरून पडद्याकडं रोखायचे. मी ओरडायचे, "मामा, टेबलावर! टेबलावर ठेवा!" तर पुट्टी माझ्यावर डोळे वटारायची, त्यांच्या हातावर आपला हात ठेवायची आणि म्हणायची, "हळू आज्जा. पळवू नको त्याला. आसं." दोघांचा मिळून एक निळा हत्ती व्हायचा, कधी तीन पायांचा, कधी पाच.

आता मला राहून राहून एक शंका यायची. ज्या माणसानं पायात रुतलेले काटे सुईच्या टोकानं अल्लाद काढले, सशाच्या फासाची बारीक तार अंधारात चाचपून सोडवली, त्याला एवढा माऊस धरता येत नाही? मामांच्या शेजारी राहून मलाही तो रोग लागला असणार. पण दिवसच्या दिवस गेले आणि प्रगती शून्य.

मे महिन्यात सुमन आणि जावई आले. पहिल्या संध्याकाळी सवयीनं फोन निघाले, पण माजघरात पुट्टीचा आरडाओरडाच एवढा, की सुमन बघायला गेली आणि बाकड्यावर टेकली. मग जावईही उभा राहिला मागं. पुट्टीनं आईला सगळं करून दाखवलं. सुमनचे डोळे भरून आले. पण आईच ती. जेवणं झाल्यावर तिनं पोरीला मांडीवर घेऊन विचारलंच.

"पुट्टी, शिकलीस की गं छान. आता येतीस काय माझ्याबरोबर फोंड्याला? आपण तिघं राहूया."

मामा ताटं गोळा करत होते. हात थांबला. मीही तिथंच होते, कालवणाची वाटी घेऊन आले होते. कुणी कुणाकडं बघेना.

पुट्टीनं आईच्या गळ्यात हात टाकला, विचार केला. मग म्हणाली, "यायचं हाय गं आई. पन आज्जाला अजून माऊस धरायला येत न्हाई. मी गेले तर त्येला कोन शिकवनार? अक्कोर नुसत्या वरडत्यात."

सुमन हसली, हसता हसता पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "बरं बाई. शिकव तर मग आज्जाला. चौथीपर्यंत शिकव."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन आणि पुट्टी ओढ्यावर कपडे धुवायला गेल्या होत्या, जावई झोपला होता. मी वाटी परत न्यायला मागच्या दारानं आत शिरले. माजघरातून टकटक येत होती, भरभर, एका लयीत. बघते तर बाकड्यावर मामा एकटे. पडद्यावर पत्त्यांचा डाव. लाल राणी उचलून काळ्या राजावर, काळा गुलाम राणीवर, एक्के वर सरळ रांगेत. माऊस असा सळसळत होता, की मला पान कुठलं हेही दिसेना.

"मामा!"

ते बाकड्यावरून पडायचेच राहिले.

"कधीपासून येतंय हे?"

म्हातारा तोंड लपवायला लागला. "दुसऱ्या दिसापास्नं."

"आणि इतके दिवस मी घसा कोरडा करतेय? ती पोर तुमचा हात धरून—"

"हळू वो अक्कोर, पाया पडतो." त्यांनी दाराकडं बघितलं. "माजं चुकतंय, मला कळतंय. पन मला येतंय म्हनून तिला कळलं, तर ती कशापायी ऱ्हाईल? आई हाय तिकडं तिची. माज्यापाशी ऱ्हायाला दुसरं काय कारन हाय पोरीला?"

मला बोलायचं होतं की मामा, वेडे आहात तुम्ही, पोर माऊससाठी राहिली नाही. एवढं सुद्धा दिसत नाही तुम्हाला? पण परसात बादली वाजली आणि पुट्टीचा आवाज आला, "आज्जा! आलो आमी!" मामांनी घाईघाईनं डाव मिटवला. पुट्टी ओल्या फ्रॉकनं धावत आली, बाकड्यावर चढली आणि त्यांना चिकटून बसली. "हां, काढ बघू हत्ती. काल सांगिटलं तसा."

मामांनी माऊस उचलला, उलटा केला आणि हवेत धरला. मग हळूच माझ्याकडं बघितलं.

मी कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, "काय हो मामा, एवढं साधं येत नाही तुम्हाला? टेबलावर ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं?" जरा जोरातच ओरडले.

पुट्टीनं त्यांच्या हातावर आपला ओला हात ठेवला आणि माझ्याकडं रागानं बघितलं.

"त्येला वरडू नका वो अक्कोर," ती म्हणाली. "शिकतोय न्हवं त्यो."